चिठ्ठीप्रमाणे हजर

एक काम करून बघा. एक कोरा कागद घ्या आणि कॉलेजच्या गेटपासून खोली नंबर चौदापर्यंत कसं जायचं ते त्यावर लिहा. अट एकच आहे. कागद ज्याच्या हातात पडेल तो माणूस तुम्ही लिहिलंय तेवढंच करणार. तुम्ही 'सरळ जा' असं लिहिलंत, तर तो समोर लावलेल्या स्कूटरच्या रांगेला जाऊन टेकणार, कारण वळसा घालायचा असं तुम्ही म्हटलेलंच नाही. 'जिना चढा' लिहिलंत, तर कुठल्या मजल्यावर थांबायचं? 'बाकावर बसा' म्हणजे कुठल्या? आणि खोलीला कुलूप असलं तर? बघता बघता कागदाची एक बाजू संपेल आणि तुमचा माणूस अजून पहिल्या जिन्याखालीच उभा असेल.

तासकाकांनी हे काम आयुष्यात पहिल्यांदा केलं ते वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि त्यांच्या नाकी नऊ आले.

तासकाका म्हणजे कॉलेजचं वेळापत्रक करणारे कारकून. कुठला तास, कुठल्या खोलीत, कुणाचा, हे सगळं एकतीस वर्षं त्यांच्या हातात होतं, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीमागे त्यांची खुर्ची, आणि खुर्चीमागे भिंतभर एक लाकडी फळी. फळीवर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांवर रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे. प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. टेबलावर कॉम्प्युटर होता, पण काका आधी फळीवर वेळापत्रक लावत आणि मग ते कॉम्प्युटरला 'सांगत'. कारण कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं, की गणिताच्या बाई गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, आणि इतिहासाच्या सरांना राज्यशास्त्राच्या सरांनी पुसलेला फळा पसंत पडत नाही, तेव्हा त्या दोघांचे तास एका खोलीत लागोपाठ घ्यायचे नाहीत. हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. "माझं वेळापत्रक" असं ते म्हणत, आणि एखाद्याने आपल्या मुलाचं नाव घ्यावं तसं म्हणत.

त्या वर्षी कॉलेज सुरू होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा ती मुलगी खिडकीशी आली. पाठीवर सॅक, आणि तिचे दोन्ही पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. खिडकीवरची पाटी तिने वाचली.

"वरिष्ठ लिपिक," ती म्हणाली, "तुमच्या वेळापत्रकात खोली चौदा लिहिलंय. खोली चौदाला कुलूप आहे."

काकांना एकतीस वर्षांत कुणी 'वरिष्ठ लिपिक' म्हणून हाक मारली नव्हती. त्यांनी चष्मा वर केला. "अगं, तो तास बावीसमध्ये हलवला."

"कधी?"

"आज सकाळी."

"कुठे लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात? तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर आलं असेल."

"त्या ग्रुपवर काल चारशे बारा मेसेज आले. त्यातले बहुतेक नुसते हसण्याचे होते."

"मग कुणाला तरी विचारायचं ना. सगळ्यांना माहीत आहे."

मुलीने जरा विचार केला. "मला माहीत नाही. मग सगळ्यांमध्ये मी येते का?"

काकांनी पेन खाली ठेवलं. तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती.

"तुझा रोल नंबर काय?"

"एकोणसाठ."

काकांनी तिला बावीस नंबरपर्यंत नेऊन सोडलं. मागोमाग चौदाबाहेरच्या बाकावरून उठून एक बाईही आल्या आणि इथे दाराबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. ती तिची आई. मुलगी आत गेल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला त्रास दिला का तिने? ती ऑटिस्टिक आहे हो. डॉक्टर स्वमग्नता म्हणतात, पण तिला तो शब्द आवडत नाही. म्हणते, मी स्वतःत मग्न नाहीये, मी सगळं ऐकतेय, हेच तर दुखणं आहे."

शाळेत बारावीपर्यंत एकच वर्ग होता, एकच बाक होता, आणि जेवणाच्या सुट्टीत जवळ बसणाऱ्या एकच मावशी होत्या. इथे दिवसाला सहा खोल्या आणि सहा शिक्षक. आई एका रक्त-तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होत्या. दोन आठवड्यांची रजा घेऊन त्या अशा बाकाबाकांवर बसत होत्या.

"रजा संपली की?" काकांनी विचारलं.

"पहिल्या चाचणीपर्यंत बघायचं ठरवलंय. तोवर तिचं तिला जमलं तर कॉलेज. नाहीतर नाव काढायचं, घरी बसून बाहेरून परीक्षा. बापाचं म्हणणं आत्ताच काढू या. मीच अडून बसलेय, कारण..." आईंनी दाराकडे पाहिलं. "घरी पुस्तकं आणता येतील. चाळण्या कुठून आणू?"

त्या कुठल्या चाळण्यांबद्दल बोलत होत्या, ते काकांना पुढे कळलं. मुलीने भूशास्त्राला प्रवेश घेतला होता तो मातीच्या प्रयोगशाळेसाठी. तिथे एकावर एक रचलेल्या सात चाळण्या होत्या. वर माती ओतायची, यंत्र सुरू करायचं, आणि वीस मिनिटांनी प्रत्येक चाळणीत नेमकी त्या मापाची माती उरलेली असायची. प्रवेशाच्या वेळी तिने ते यंत्र चालू असताना पाहिलं होतं आणि तासभर तिथून हलली नव्हती.

काकांनी ही गोष्ट हेडक्लार्क बाईंच्या कानावर घातली. कॉलेजात अशा मुलांसाठी एक साहाय्य कक्ष होता. म्हणजे पाटी होती, आणि पाटीमागे मोडक्या खुर्च्या होत्या.

"समितीची बैठक लावते मी," हेडक्लार्क बाई म्हणाल्या. "पण काका, ती तुमच्याच खिडकीशी येते ना? मग तोवर तुम्हीच बघा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"आम्हाला तरी काय कळतं? तुमच्याकडे निदान फळी आहे."

अशा रीतीने काम काकांच्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर त्यांनी ते आपण होऊनही घेतलं होतं. तिचा तो प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला होता. माझ्या वेळापत्रकात लिहिलंय एक आणि घडतंय दुसरं, आणि हे मला सांगितलं कुणी, तर तीन दिवसांच्या मुलीने!

त्यांनी तिच्यासाठी पहिला कागद लिहिला तो सात ओळींचा. मुलीने वाचला आणि सातही ओळींवर प्रश्न विचारले. मग काका स्वतः कागद हातात धरून गेटपासून चालत निघाले. शिपाई हसायला लागला. "काय काका, रस्ता चुकलात?"

"चुकलोय खरा," काका म्हणाले. "एकतीस वर्षं."

त्या चालण्यात काकांना आपलं कॉलेज नव्याने दिसलं. नऊ नंबरच्या खोलीतली ट्यूब दिवसभर गुणगुणते, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मुलगी त्या खोलीत कानांवर हात ठेवून का बसते हे शिक्षकांना कळत नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरची घंटा तर डोक्यावर कुणी पत्रा आपटावा तशी वाजायची. काकांनी वायरमनला बोलावलं.

"घंटेचा आवाज कमी कर."

"घंटा आहे काका, रेडिओ नाही." वायरमन शिडीवरून म्हणाला. "तिला कानटोपी घालू का?"

"घाल."

वायरमनने खरंच घंटेच्या वाटीला आतून रबराचा तुकडा चिकटवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन शिक्षिकांनी येऊन सांगितलं, की आता डोकं दुखत नाही, हे कुणी केलं? वायरमनने लगेच स्वतःचं नाव सांगितलं.

जेवणाची सुट्टी हा मोठा प्रश्न होता. कॅन्टीनमध्ये भांडी, खुर्च्या आणि दोनशे मुलं एकदम बोलत. मुलगी पहिले चार दिवस जेवलीच नव्हती. "तुला माणसं नको वाटतात का?" काकांनी भीत भीत विचारलं.

"माणसं आवडतात," ती म्हणाली. "सगळी एकदम नको."

कार्यालयामागे जुन्या हजेरीपटांची खोली होती. छतापर्यंत कपाटं, एक खिडकी, एक टेबल. हेडक्लार्क बाईंची परवानगी काढून काकांनी टेबल पुसून घेतलं. मुलगी तिथे डबा खाऊ लागली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या वर्गातली एक मुलगी 'मीपण येऊ का' म्हणून डबा घेऊन आली. दोघी फारसं न बोलता जेवत. काका आपल्या टेबलाशी बसून उगाचच खूश होत.

बदलांसाठी पद्धत ठरली. काकांच्या खिडकीशेजारी टपालाचे कप्पे होते, त्यातला एक तिला दिला. तास हलला, की लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी त्या कप्प्यात. ती प्रत्येक तासानंतर येऊन कप्पा बघणार. आणि आणखी एक नियम काकांनी तोंडी सांगितला. झालं असं, की वर्गातल्या दोघा टवाळांनी तिला 'आजचा तास गच्चीवर आहे' म्हणून पाठवलं होतं, आणि ती गच्चीच्या बंद दाराशी पाऊण तास उभी राहिली होती. काकांचा पारा चढला. त्या दोघांना त्यांनी खिडकीशी उभं करून चांगलं फैलावर घेतलं आणि तिला म्हणाले, "यापुढे माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. मी सांगेन तेच खरं."

"बरं," ती म्हणाली.

काकांना वाटलं, बंदोबस्त झाला.

रजा संपली आणि आई कामावर जाऊ लागल्या. सकाळी साडेनऊला गेटवर सोडायच्या, संध्याकाळी साडेपाचला न्यायला यायच्या. एक आठवडा सुरळीत गेला, दुसराही गेला. तिसऱ्या आठवड्यात एकदा तिने उलट काकांच्याच टेबलावर लाल चिठ्ठी ठेवली. 'वरिष्ठ लिपिक, गुरुवारी तुम्ही दुसऱ्या वर्षाला जेवणाची सुट्टी दोनदा दिली आहे. त्यांना सांगू नका, ते खूश आहेत.' काकांनी फळी तपासली. खरंच होतं. ती गंमत करत होती हे कळायला त्यांना दोन मिनिटं लागली, आणि मग ते एकटेच इतके हसले, की हेडक्लार्क बाईंनी मान वळवून पाहिलं.

कॉलेजच्या पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी पहिली चाचणी होती. मातीची. दुपारी दोनला, खोली पंधरामधल्या प्रयोगशाळेत.

दीड वाजता मातीचे सर धावत आले. वजनाचा काटा नीट दाखवत नव्हता, थोडा उशीर होणार होता. काकांनी लगेच लाल पेन काढलं. तेवढ्यात प्राचार्यांचा निरोप आला, की बैठकीला आत्ताच्या आत्ता या. काकांनी उभ्या उभ्याच लिहिलं: 'चाचणी उशिरा. खोली चौदाबाहेरच्या बाकावर थांब. मी येऊन सांगतो.' चिठ्ठी कप्प्यात टाकली आणि ते गेले.

बैठक प्रवेशांबद्दल होती आणि प्राचार्य बोलायला लागले की कुणाची उठायची प्राज्ञा नव्हती. अडीचला शिपाई चहा घेऊन आला, तेव्हा त्याने वाकून सांगितलं, "सर म्हणतायत, चाचणी सुरू होतेय." काका कुजबुजले, "जा, एकोणसाठ बाहेर बाकावर आहे, तिला आत पाठव." शिपाई गेला. काकांचा जीव भांड्यात पडला.

पाच वाजून वीस मिनिटांनी बैठक सुटली. काका कॉरिडॉरमध्ये आले, तर मुलगी बाकावर बसलेली होती. सॅक छातीशी धरलेली, अंग पुढेमागे हलतंय, बाहीची कड चावून चावून ओली झालेली.

"तुम्ही तीन तास वीस मिनिटं उशिरा आलात," ती म्हणाली.

"अगं, तू इथे? चाचणी?"

"संपली असणार. यंत्राचा आवाज चार वाजून दहा मिनिटांनी थांबला."

"तुला आवाज येत होता?"

"ही भिंत पंधरा नंबरची आहे. चाळण्यांचा आवाज येतो." तिचा श्वास अडकत होता. "सगळ्यांच्या चाळण्या ऐकू आल्या."

"मग आत का नाही गेलीस गं? शिपायाने सांगितलं नाही?"

"सांगितलं. पण तुम्ही म्हणाला होतात, तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही." तिने मूठ उघडली. चिठ्ठीच्या घड्या घालून घालून ती नखाएवढी झाली होती. "यातही तसंच लिहिलंय. मला खूप जायचं होतं."

काका बाकावर तिच्या शेजारी बसले. शिपाई लांबूनच म्हणाला, "काका, मी दोनदा सांगितलं हो. ती उठेचना. बैठकीचं दार बंद होतं, मग म्हटलं, जाऊ दे."

साडेपाचला आई आल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि काही न विचारता तिच्या पाठीवर तळहात दाबून धरला. हलणं हळूहळू कमी झालं. मग काकांनी झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता.

"तुम्हाला कशी बोल लावू मी?" आई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "एवढं कोण करतं हो? पण उद्या दुसऱ्या कुणी लिहून दिलं, रस्त्यात थांब, तर ही थांबेल. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना ह्याचाच विचार करत बसू का? सोमवारी येते आणि नाव काढून घेते."

"मला नाव काढायचं नाहीये," मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे बाळा," आई म्हणाल्या आणि तिला घेऊन गेल्या.

काका घरी गेले ते ताटावर नुसते बसून राहिले. त्यांची बायको लोकांचे कपडे शिवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती चिठ्ठी मागितली. काकांनी ती खिशात घालून आणली होती.

"अहो, हे काय लिहिलंय तुम्ही?" ती म्हणाली. "यात कापड कुठे सोडलंय?"

"कसलं कापड?"

"मी मापाबरोबर कापते का कधी? अर्धा इंच जास्तीचं सोडते. माणूस जाडा होतो, कापड आटतं, माझा हात चुकतो. तुम्ही अगदी मापाला कापलंत. तुम्ही नाही आलात तर काय, त्याला जागाच नाही यात."

"मी येणारच होतो."

"पण आला नाहीत ना?"

काकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. ताट तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी मुलगी आली. सोमवारचं काय ते सोमवारी. शुक्रवारी तिच्या कागदावर सहा तास होते. काकांनी तिला हेडक्लार्क बाईंच्या टेबलाशी नेलं. बाईंनी एक छापील अर्ज तयारच ठेवला होता.

"हे बघ, सोपं आहे. 'अचानक तब्येत बिघडल्याने चाचणीस उपस्थित राहू शकले नाही.' सही कर. पुन्हा चाचणी मिळेल."

"माझी तब्येत बिघडली नव्हती," मुलगी म्हणाली.

"अगं, असं लिहायचं असतं."

"मी बाकावर होते. मी उपस्थित होते. फक्त भिंतीच्या ह्या बाजूला."

बाईंनी काकांकडे पाहिलं. तुम्हीच समजवा, अशी ती नजर होती. काकांनी अर्ज उचलला, त्याची मधोमध घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिला. मग एक कोरा कागद ओढून लिहायला बसले. 'कार्यालयाच्या सूचनेत चूक होती. विद्यार्थिनीने सूचनेचे तंतोतंत पालन केले. चुकीची जबाबदारी माझी.' खाली सही, तारीख, हुद्दा.

"काका, शहाणपणा करू नका." बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "चार महिने राहिलेत तुमचे निवृत्तीला. एकतीस वर्षांत सेवापुस्तकावर एक शेरा नाही. आणि आता हे स्वतःच्या हाताने?"

"मग काय तिला खोटं लिहायला लावू? आजवर मी लिहिलेलंच खरं मानून चालली ती."

मातीचे सर शिस्तीचे म्हणून ख्यात होते. गैरहजर तो गैरहजर, मग घराला आग लागलेली का असेना. त्यांनी काकांचा कागद वाचला, मग ती लाल शाईची चिठ्ठी मागितली. घड्या उलगडल्या, बोटाने सपाट केली, दोनदा वाचली.

"ही दीड वाजता दिली?"

"हो."

"आणि ती किती वाजेपर्यंत बसली?"

"पाच वीस."

सरांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. "मी वजनं मोजायला शिकवतो, काका. मुलं अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झालं की आपल्या मनाने आकडा लिहून मोकळी होतात. ही पोरगी तीन तासांहून जास्त वेळ एका वाक्यावर बसून राहिली." त्यांनी चिठ्ठी परत दिली. "ह्या चिठ्ठीप्रमाणे ती हजर होती. उद्या शनिवार, सकाळी दहा. एकटीची चाचणी घेतो. पण नंतर पुन्हा नाही हं."

काकांनी आईंना फोन केला. सरांचं म्हणणं सांगितलं. "उद्या गेटवर सोडते," आई म्हणाल्या. "आत येणार नाही. तिचं तिला जमतं का, ते मला बघायचंय. मग सोमवारचं ठरवू."

दुपारी हजेरीपटांच्या खोलीत काका मुलीसमोर बसले. आधी तिला म्हणाले, "माझा नियम चुकीचा होता. माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, हा. तो मी मागे घेतो."

"मग टवाळ लोकांचं ऐकायचं?"

"नाही. मी, शिपाई, वायरमन, शिक्षक. ही यादी. यादीतल्या कुणीही सांगितलं तर जायचं."

तिने यादी लिहून घेतली. मग काकांनी शनिवारची चिठ्ठी लिहायला घेतली. दहा वाजता खोली पंधरा. दार उघडं असेल तर आत. बंद असेल तर दहा वाजून दहापर्यंत बाकावर. यादीतल्या कुणी बोलावलं तर लगेच जायचं. दहा वाजून दहापर्यंत कुणीच आलं नाही तर...

इथे काकांचा हात थांबला. पाच आठवडे तेच लिहीत होते आणि ती वाचत होती. त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं.

"तर तू काय करशील?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती चालू झाली, निघून गेली, तरी मुलगी बघतच होती. मग तिने काळजीपूर्वक लिहिलं: 'तर मी दार वाजवीन. उघडलं नाही तर पुन्हा वाजवीन. मग वरिष्ठ लिपिकांकडे जाईन. ते नसतील तर यादीतल्या दुसऱ्याकडे जाईन.'

"आणि दार वाजवलं म्हणून सर रागावले तर?" काकांनी मुद्दाम विचारलं.

"रागावले तरी दार उघडलेलं असेल."

शनिवारी सकाळी काका कॉरिडॉरच्या टोकाला उभे होते. शनिवारी त्यांची सुट्टी होती. वायरमनही शिडी लावून एका धडधाकट दिव्याशी उगाच खाटखुट करत होता.

बरोबर दहाला मुलगी जिन्यावरून आली. पंधरा नंबरचं दार बंद होतं. सर मागच्या दाराने आत जाऊन काटा लावत बसले असणार. मुलगी बाकावर बसली, त्याच बाकावर. सॅक छातीशी धरली. दहा वाजून चार. सहा. भिंतीपलीकडून यंत्र तपासल्याचा आवाज आला आणि ती हलायला लागली, पुढेमागे. काकांचं एक पाऊल आपोआप पुढे पडलं.

"काका," वायरमन शिडीवरून हळूच म्हणाला, "जागेवर थांबा. तुम्ही गेलात तर परत तुमच्यावरच येईल सगळं."

दहा वाजून दहा. ती उठली. दारासमोर उभी राहिली. हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग तिने दार वाजवलं, तीनदा, एवढ्या जोरात, की वायरमनचा पाना हातातून निसटला.

दार उघडलं. "अरे, आलीस? मग वाजवायचं ना आधीच!" सरांचा आवाज आला, आणि ती आत गेली.

"श्वास घ्या आता," वायरमन म्हणाला.

पलीकडे सात चाळण्या हलू लागल्या. काका खाली गेटवर गेले. आई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून, मुलगी सॅक धरायची तशीच.

"गेली?"

"दार वाजवून गेली. तिचं तिने."

आईंनी तोंडावर हात घेतला. निघताना फक्त म्हणाल्या, "सोमवारी मला वेळ नाहीये यायला. लॅबमध्ये गर्दी असते."

सोमवारी दुपारी काका हजेरीपटांच्या खोलीत आले. मुली डबा खाऊन गेल्या होत्या, टेबल पुसलेलं होतं. मुलीला चाचणीत बऱ्यापैकी गुण मिळाले होते, एक वजन चुकलं होतं, आणि त्यावरून तिचं सरांशी बोलणं अजून चालू होतं. काकांच्या सेवापुस्तकात शेरा पडला होता. दोन ओळींचा. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा तो मनाला कमी लागला.

त्यांनी सहज हात लावून एक जुना पट काढला. बावीस वर्षांपूर्वीचा. पहिलं वर्ष. पट लिहायचं कामही त्यांच्याकडेच असे; सगळी नावं त्यांच्याच अक्षरात, आणि महिन्याअखेरी काही नावांवर लाल रेघ. समोर शेरा, तोही त्यांच्याच अक्षरात: 'सतत गैरहजर. नाव कमी केले.' दुसरा पट काढला. त्यातही होत्या. दर वर्षी तीन, कधी पाच. पहिल्या पाचसहा आठवड्यांतच. काका कपाटासमोर उभे राहून रेघा मोजत राहिले, मग मोजणं सोडून नुसती नावं वाचू लागले. एकाचाही चेहरा आठवेना.

यातले किती जण त्यांच्याच वेळापत्रकाप्रमाणे, कुठल्यातरी कुलूप लावलेल्या खोलीबाहेर, कुणीतरी येऊन सांगेल म्हणून थांबले होते?